बारावी खुर्ची

आमच्या शिरोड्याचे आणि लायसन्सचे पूर्वीपासून जमत नाही. 1930 च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर लोक जमले, सरकारला न विचारता मीठ उचलले आणि त्याबद्दल लाठ्या खाल्ल्या. अशा गावात, आमच्याच पडवीत बसून, माझा भाचा गेल्या पावसाळ्यात रात्र रात्र लायसन्स मोजत होता. तीही अमेरिकेतल्या एका बँकेची!

भाचा पुण्याच्या एका कंपनीत आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली की 'घर' या शब्दाचा अर्थ तो आजोळ असा घेतो. काम मेनफ्रेमवर. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा कॉम्प्युटर. मला वाटले होते, ही जात केव्हाच नामशेष झाली असेल. पण परदेशातल्या मोठमोठ्या बँकांचे हिशेब अजून तिच्यावरच चालतात म्हणे. आमच्या आईची शंका वेगळीच.

"तुजा ता मशीन खंय आसा रे?"

"अमेरिकेत, आजी."

"मगे चोरपण थंयच आसतले. तू हंय कित्याक जागतंस?"

एरवी आजीच्या बोलण्याला पहिला हसणारा भाचा त्या दिवशी हसला नाही.

लायसन्सचे ऑडिट आहे, असे कळल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. मी बी.कॉम., त्यात बँकेत बावीस वर्षे कारकून. ऑडिट म्हणजे काय ते मला शिकवायला नको. पण हे प्रकरण निराळे निघाले. 1969 पर्यंत आयबीएमचे मशीन घेतले की प्रोग्राम सोबत मिळत, भाजीवर कोथिंबीर मिळते तसे. त्या वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे बऱ्याचशा कोथिंबिरीचे पैसे वेगळे. तेव्हापासून जगभर काड्या मोजणे चालू आहे.

मोजायची तऱ्हाही ऐका. काही करारांत, मशीन चार-चार तासांत सरासरी किती राबले ते सतत मोजत राहतात आणि महिन्यातली जी सरासरी सर्वांत मोठी, तिच्यावर अख्ख्या महिन्याचे बिल. म्हणजे चतुर्थीला एका दुपारी घरात चाळीस पाने उठली की महिनाभर चाळीस पानांचे पैसे! दुसऱ्या काही कंपन्या मशीनच्या एकूण ताकदीवर आकारणी करतात. पातेले मोठे घेतलेत ना? मग भात शिजवा नाहीतर पालथे घाला.

खरी मौज अडगळीत. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी एक प्रोग्राम बसवला. बसवणारा निवृत्त झाला. आता तो कोण वापरतो हे कुणालाच ठाऊक नाही, पण पैसे दरसाल जातात. काढून टाकायची हिंमत नाही. न जाणो, एखाद्या वर्षअखेरच्या कामात तो लागत असला तर? हे ऐकताना माझी नजर माजघरापलीकडे गेली. तिथे मुंबईच्या काकांची खोली मी चौथीत होतो तेव्हापासून कुलपात आहे. घरपट्टी आम्ही भरतो.

"आणि याच्या उलटही झालंय, मामा," भाचा खालच्या आवाजात म्हणाला. एक प्रोग्राम दोन मशीनवर चालत होता. लायसन्स एकाचेच. दुसरे मशीन आणीबाणीसाठी राखून ठेवलेले. दोन वर्षांपूर्वी चाचणीसाठी त्यावर प्रोग्राम चालू केला आणि बंद करायचा राहिला. चालू करणारा हाच. वरच्या साहेबांनी सुचवले होते, ऑडिटर यायच्या आत काढून टाक. "पण मशीन स्वतःची डायरी लिहितं, मामा. काय कधी चाललं, सगळं. पुसायचीच म्हटली तर तीही पुसता येईल..."

आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मामा बँकेत आहे, म्हणजे प्रामाणिक असणार, हा त्याचा लहानपणापासूनचा समज.

मला खुर्ची आठवली. नोकरीचे दुसरे वर्ष. डेड स्टॉक रजिस्टरात खुर्च्या बारा, शाखेत अकरा. साहेबांनी शेजारच्या हॉटेलातून एक आणवली आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात बारा आकडा घातला. मोजणीला ऑडिटरबरोबर मी. मोजून दमलेले ऑडिटर टेकले ते नेमके तिच्यावर! मी 'बारा' लिहून सही केली. संध्याकाळी खुर्ची परत गेली, आकड्यासकट. त्या हॉटेलात मी अजून चहा उभ्यानेच पितो.

लग्नाला अठरा वर्षे झाली, बायकोलाही हे सांगितले नव्हते. भाच्याला सांगितले. तो पोट धरून हसला आणि मग एकदम थांबला. पहाटे तीनला त्याने पत्र लिहिले: तारीख, मशीन, चालू करणाऱ्याचे नाव. बटण दाबले आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे वीज गेली. अंधारात दोघेही बसून होतो. पत्र गेले की राहिले, ते सकाळी कळले. गेले होते.

उत्तर मात्र चार दिवस नाही. पाचव्या दिवशी आईने त्याला शेजारच्या आरवलीला वेतोबाच्या पाया पडायला नेले. मीही गेलो. हा देव रात्रभर गावाची राखण करीत फिरतो अशी श्रद्धा. म्हणून त्याला भल्या थोरल्या चामडी चपला वाहतात आणि त्या झिजतातही म्हणे. भाचा वाकून एका जोडाचे तळ निरखू लागला.

"मामा, याला म्हणतात वापराची नोंद!"

"तपासणी मगे कर," आई म्हणाली, "आधी पाया पड."