रुळांचे कठडे

फ्लोरिडाच्या द्वीपमालिकेतील दैनंदिनी : लेखांक दुसरा

बुधवार. मुक्काम आयलामोराडा

मुख्य भूमी सुटल्यापासून की वेस्टपर्यंत बेटाबेटांवरून गेलेल्या या रस्त्यावर माणसे आपला ठावठिकाणा मैलांच्या लहानशा हिरव्या पाट्यांवरील आकड्याने सांगतात. शून्य की वेस्टला धरलेले असल्यामुळे पुढे जावे तसतसा आकडा उतरत जातो, आणि त्यास ‘महासागराच्या अंगाला’ किंवा ‘उपसागराच्या अंगाला’ एवढे जोडले की घर बिनचूक सापडते.

आमचे घर आमच्या पाठीशीच होते. जावईबापूंनी घेतलेल्या या वीस फुटी ट्रेलरात बिछाने, चूल, मोरी, न्हाणी असा सर्व सरंजाम आहे. मोटारीच्या मागील पोलादी गोळ्यावर त्याचा जबडा बसवायचा, खीळ घालायची, दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या नेऊन अडकवायच्या, दिव्यांची तार जोडायची आणि एकाने मागे उभे राहून दिवे पाहायचे, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा निदान दहावा हिस्सा त्या गोळ्यावर पडला पाहिजे, नाहीतर चालत्या गाडीमागे तो शेपटासारखा डोलू लागतो. म्हणून पाण्याचे डबे व तांदळाची पिशवी कोठे ठेवायची याचाही हिशेब असतो. रेल्वेच्या पूल-खात्यात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या मला ही शिस्त परकी वाटली नाही, आणि दिवे पाहण्याचे काम मी आपण होऊन माझ्याकडे घेतले.

८२ व्या मैलाशी प्रवाळाच्या दगडाचे एक स्मारक आहे. वाऱ्याने एका अंगाला झुकलेले माड आणि त्यांच्याखाली उसळलेल्या लाटा एवढेच त्यावर कोरलेले असून, २ सप्टेंबर १९३५ च्या वादळात गेलेल्यांच्या अस्थी तेथे ठेवल्या आहेत. त्या रात्री चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. हाताला काम नाही म्हणून सरकारने त्यांना रस्ता बांधण्यासाठी येथील छावण्यांत आणून ठेवले होते. त्यांना हलवण्यासाठी मागवलेली गाडी मायामीहून निघाली ती दुपारी साडेचारच्या सुमारास. वाटेत नदीवरचा पूल बोटींसाठी उघडलेला म्हणून खोळंबा. परतताना इंजिन पुढे असावे म्हणून होमस्टेडला ते फिरवून मागच्या टोकास लावण्यात वेळ. पुढे एका लोखंडी दोरात गाडी अडकली. आणि आयलामोराडाला ती पोहोचली तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. थोड्याच अवधीत समुद्र भिंतीसारखा चालून आला आणि एकटे इंजिन रुळांवर उभे ठेवून त्याने बाकीचे डबे उलथून टाकले. गाडीचा हुकूम सकाळीच सुटला असता तर, हा प्रश्न रेल्वेच्या माणसाच्या मनातून जाता जात नाही. मुलीने दोनदा हाक मारली तेव्हा मी तेथून हललो.

गुरुवार. मुक्काम बाहिया होंडा

खनिज तेलाच्या व्यापारात अपार संपत्ती मिळवलेल्या हेन्री फ्लॅगलर या गृहस्थाने वयाच्या पंचाहत्तरीत समुद्रावरून की वेस्टपर्यंत रेल्वे नेण्याचे मनावर घेतले, १९०६, १९०९ व १९१० अशा तीन वादळांनी काम मोडले तरी ते सोडले नाही, आणि २२ जानेवारी १९१२ रोजी, ८२ वर्षांचा होऊन, तो पहिल्या गाडीने की वेस्टला उतरला. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याची रेल्वे एकंदर तेवीस वर्षे चालली. पस्तीसच्या वादळानंतर दुरुस्तीचा खर्च न पेलल्यामुळे मार्ग सरकारला विकण्यात आला, आणि १९३८ साली त्याच पुलांवरून मोटारी धावू लागल्या.

सातमैली पुलाच्या अलीकडे ट्रेलर उभा करून मी व नातू जुन्या पुलावरून पिजन की या चिमुकल्या बेटापर्यंत पायी गेलो. पूल बांधणाऱ्या मजुरांची वस्ती येथे होती. बेटाच्या पलीकडे जुन्या पुलाचा जो भाग आता वापरात नाही, त्याचे कठडे मी बराच वेळ न्याहाळले. ते रूळ होते. गाड्या बंद झाल्यावर उखडलेले रूळ येथे आडवे बसवून, पांढरा रंग देऊन, मोटारींना पाण्यापासून रोखण्याच्या कामी लावले. आता रंग उडून गंज चढला आहे, तरी रुळाचे डोके आणि पाया मला दुरूनही ओळखता आला. ज्या लोखंडाने एकदा भार वाहिला त्यालाच पुन्हा चाकरीवर घेणारा तो अभियंता कोण असेल ते असो, माझे मन त्याच्याविषयी आदराने भरून आले.

शुक्रवार. तोच मुक्काम

बाहिया होंडाच्या या सरकारी तळावर जागा मिळावी म्हणून जावईबापूंनी अकरा महिने अगोदर नोंदणी केली होती. चाकांना पाचर लावली, विजेची तार व पाण्याची नळी जोडली, की संसार सुरू. आणि ते पाणीसुद्धा मुख्य भूमीवरून येते, १९४२ साली नौदलाने बेटांवरून नळ टाकला तेव्हापासून. समुद्र कोमट आहे. सौ. सकाळपासून गुडघाभर पाण्यात बसून होती.

तळाच्या टोकाशी जुना रेल्वेपूल उभा आहे. त्याच्या पोलादी कैच्यांमधील जागा एका गाडीपुरती. दोन मोटारी समोरासमोर जाणे अशक्य. तेव्हा बांधणाऱ्यांनी कैच्यांच्या माथ्यावरच रस्ता घातला, आणि चौतीस वर्षे लोक त्या उंचीवरून मोटारी हाकत होते. असे धाडस मी आमच्या खात्यात पाहिले नाही.

संध्याकाळी बिग पाइनला अडीच फूट उंचीची येथील हरणे पाहून आलो. परतल्यावर जावईबापूंनी हवामान पाहिले : शनिवारी सकाळपासून उत्तरेचा जोराचा वारा. सातमैली पूल पूर्वपश्चिम आहे. तो वारा ट्रेलरच्या उंच पाठीवर आडवा बसणार.

“बाबा, रविवार दुपारपर्यंत जागा आपली आहे,” ते म्हणाले. “वारा ओसरेलही तोवर.”

“न ओसरला तर सोमवारच्या कामासाठी तुम्ही त्यातूनच निघाल,” मी म्हणालो. “जागेचे पैसे जाऊ द्यात. पहाटेच निघा.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग उठून त्यांनी पाण्याची नळी सोडली.

शनिवार

साडेचारला उठलो. मैल्याची टाकी ठरलेल्या ठिकाणी रिकामी केली. विजेरीच्या उजेडात साखळ्या अडकल्या. मी मागे उभा राहून दिवे पाहिले, डावा, उजवा, थांबण्याचा, आणि हात वर केला.

पुलावर आलो तेव्हा उजाडू लागले होते. डाव्या हाताला जुना पूल जवळून सरकत होता, आणि त्याच्या सिमेंटातून उगवलेले एक सुरूचे झाड नातवाने दाखवले. आमच्या कोकणात वाळूच्या कडेला वनखात्याने ओळीने लावलेला असतो तोच हा सुरू. येथील लोकांनी त्याला फ्रेड असे नाव ठेवले असून नाताळात ते त्याला सजवतात, आणि २०१७ च्या इर्मा वादळातूनही तो वाचला.

पूल उतरून मॅरेथॉनचे दिवे दिसले तेव्हा जावईबापूंनी काच खाली केली. रस्त्याकडेच्या माडांची पाने दक्षिणेकडे वळू लागली होती.