फासे सगळ्यांसमोर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवण्याच्या खेळांत मला सगळ्यांत प्रिय होती ती कथा. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारा म्हणून मी कथानक आधी रचायचो, फासे पडद्याआड टाकायचो आणि नायक मरणार असं दिसलं की आकडा बदलून सांगायचो. महिनोन्‌महिने जपलेलं पात्र एखाद्या फुटकळ गॉब्लिनच्या हातून मरावं, हा मला कथेचा अपमान वाटे. १९८४पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’च्या कथाप्रधान मोहिमा माझा आदर्श होत्या. मशाली आणि शिधा मोजणाऱ्या जुन्या वळणाच्या खेळाडूंशी मी तावातावाने भांडलो आहे.

आता मी त्यांच्या बाजूचा आहे.

माझं मत फिरवलं ते या खेळाच्या, टॉम मोल्डवे यांनी लिहिलेल्या १९८१च्या ‘बेसिक’ नियमपुस्तकातल्या एका छोट्या तक्त्याने. समोर आलेला प्राणी कसा वागेल हे आधी ठरलेलं नसेल, तर सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तर तत्काळ हल्ला, १२ आली तर उत्साहाने मैत्री. मधे वैर, संभ्रम, सावधपणा. मी एका खोलीत गॉब्लिनांशी लढाई योजली होती, पण त्या दिवशी तक्त्यावर सोडलं आणि ९ पडले. हल्ला नाही. खेळाडूंनी त्यांच्यापुढे सुकं मांस ठेवलं, बोलणी सुरू झाली. पलीकडच्या दालनातल्या ओगरला गॉब्लिनही घाबरून आहेत, हे त्या बोलण्यातून उभं राहिलं आणि पुढचा सगळा खेळ त्या करारावर चालला. एवढी चांगली गोष्ट मी घरी बसून रचली नसती.

मग बाकीचे नियमही उलगडले. भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक अनुभवगुण, राक्षस मारण्याचे त्या मानाने फारच थोडे. म्हणून लढाई टाळणं हेच शहाणपण. मशाल तासभर जळते आणि दर वीस मिनिटांनी भटक्या राक्षसासाठी फासा पडतो, म्हणून बोळात उभं राहून वाद घालण्याचीही किंमत मोजावी लागते. ज्याला मी हिशेबनिशीचं काम म्हणायचो, त्यातच सगळा ताण भरलेला आहे.

मरणाचं मात्र जड गेलं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पडलेल्या नायकाला मरण्याआधी वाचण्याची संधी फाशांवर पुन्हा पुन्हा मिळते. मोल्डवेंच्या नियमांत जीवगुण शून्य झाले की संपलं. आमच्यातल्या एका मैत्रिणीची जादूगार नायिका एका पेटीतल्या विषारी सुईने मेली. फासा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडला होता. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग बाकीच्यांनी ठरवलं, प्रेत मागे सोडायचं नाही, आणि ओझं हलकं करायला जिंकलेलं निम्मं सोनं तिथेच टाकलं. कुणीही त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

‘फियास्को’सारखे डीएमविना चालणारे खेळ मला अजूनही आवडतात, तिथे मशाली मोजायचं कारणच नाही. ज्याला आपलं पात्र सुरक्षित हवं, त्याचा तो हक्कच आहे, म्हणून आधी विचारा. पण सगळे तयार असतील, तर डीएमहो, पुढच्या खेपेला पडदा काढून ठेवा आणि पडेल तो आकडा मान्य करा.