एक्केचाळीसला नऊ

पिकअप ट्रक सुधारायला घेणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती शेजाऱ्याला दिसेल अशा टोकाकडून. कोलोरॅडोतल्या एका कराडकर इंजिनिअरनेही तेच केलं. डेन्व्हरला नोकरी लागली, हातात चार पैसे खुळखुळू लागले आणि त्याने पहिल्या पिढीतला एक जुना टोयोटा टॅकोमा घेतला. १९९५ साली आलेलं हे मॉडेल. त्याच्या ट्रकला ३.४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फोर व्हील ड्राइव्ह आणि ३१ इंची टायर होते. खोलीवरचे मित्र म्हणाले, "एकट्याला एवढं धूड कशाला रे?" धूड त्याला अजून पुरेसं मोठं वाटत नव्हतं.

म्हणून आधी लिफ्ट. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर, मागच्या पाट्यांत एक जादा पाटा, आणि ट्रक तीनेक इंच वर. फोटो झकास आले. पण लिफ्टने उचलली जाते ती चॅसी आणि वरची बॉडी. मागचं हाउसिंग, त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा, होता तिथेच राहतो. दगड पूर्वीइतक्याच इमानाने त्यालाच लागतो. लिफ्टने मिळते ती जागा: मोठा टायर मावायला, चाकाला वर-खाली खेळायला, चढावर बंपर न टेकायला. बदल्यात पुढचे शाफ्ट जास्त तिरके चालतात. जॉइंटवरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत. हेडलाइट पुन्हा खाली वळवून घ्यावे लागतात, नाहीतर समोरून येणारा प्रत्येक जण डोळे मिचकावत शिव्या घालतो.

गोळा जमिनीपासून उचलतो तो फक्त टायर, आणि तोही निम्म्या हिशेबाने. ३१ काढून ३३ इंची घातले तर व्यास दोन इंचांनी वाढतो, पण आस वर जातो एकच इंच. त्या एका इंचासाठी माणसं काय काय करतात! आइसलँडमध्ये ३८ आणि ४४ इंची टायर लावून, त्यातली हवा अगदी नावापुरती ठेवून, बर्फावर तरंगत जाणारे हायलक्स आहेत. तिथे मोठा टायर ही गरज आहे. डेन्व्हरच्या सुपरमार्केटबाहेर ती गरज सिद्ध करणं जरा अवघड जातं.

टायर बदलल्यावर स्पीडोमीटर ६० मैल दाखवत असताना ट्रक जवळजवळ ६४ने पळू लागला. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जात होता, आणि तेवढं ओझं इंजिनावर पडत होतं. सपाटीवर हे कळत नाही. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. तिथून पश्चिमेला आय-७० हायवे चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याशी ११,००० फुटांच्या वर जातो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी उतरते. समुद्रसपाटीला १९० अश्वशक्तीचं इंजिन बोगद्याच्या तोंडाशी तिसरा हिस्सा हरवून बसतं. वर टायर मोठे. गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्हमध्ये जाई, इंजिन धापा टाकी, खालचा गिअर पडे, पुन्हा वरचा. मालवाहू ट्रकच्या रांगेत दिवे मिचकावत चढताना त्याला तात्या आठवले.

तात्या म्हणजे चुलते. पाटण भागात त्यांची वडापची जीप होती. आत किती माणसं बसली हे विचारायचं नसे. टपावर, पायरीवर, मागच्या शिडीला लोंबकळत, शिवाय एखादी शेळी. चढ दिसायच्या आधीच ते गिअर खाली घेत आणि शेजारी बसलेल्या पुतण्याला म्हणत, "इंजिन नाय वढत रं, गेर वढतो."

तात्यांना आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार होता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या डिफरन्शियलमधला क्राउन-पिनियनचा हिशेब ४.८८ होता: शाफ्ट इतका फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. १९४५ साली तीच गाडी सीजे-२ए म्हणून शेतकऱ्यांना विकायला काढली, तेव्हा नांगर ओढता यावा म्हणून हा आकडा ५.३८ केला. पुढे आलेल्या सीजे-३बीमध्येही तोच राहिला, आणि हीच सीजे-३बी महिंद्राने भारतात बांधली. विलिसच्या जीप मुंबईत जोडायचं काम त्यांनी त्याआधीच सुरू केलं होतं. तात्यांची जीप त्याच घराण्यातली. तिचा वेग पाहून हसणाऱ्यांना ती वऱ्हाड घेऊन चढाला लागलेली दाखवायला हवी होती.

टॅकोमाच्या हाउसिंगमध्ये ४.१० होता. क्राउनला ४१ दात, पिनियनला १०. त्रैराशिक सोपं आहे: ४.१० गुणिले ३३ भागिले ३१, म्हणजे ४.३६. एवढ्याने जुनी ओढ परत मिळते. त्याला उंचीचा विचार करून थोडं जास्त हवं होतं, म्हणून ४.५६ घेतला. क्राउनचे दात तेवढेच ४१, पिनियनचे ९. एक दात कमी, एवढाच काय तो फरक. शिवाय पुढचं आणि मागचं दोन्ही एकदम बदलावं लागतं. नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकताच दोन्ही आस एकमेकांशी भांडू लागतात.

हे काम त्याने स्वतः केलं नाही, फक्त पाहिलं. शहराबाहेरच्या एका छोट्या गॅरेजचा म्हातारा मेक्सिकन मिस्त्री क्राउनच्या दातांना पिवळी पेस्ट लावायचा, हाताने फिरवायचा आणि पिनियन कुठे घासला ते चष्मा वर करून बघायचा. ठसा दाताच्या टोकाला गेला की सगळं पुन्हा खोल, कागदाएवढी पातळ शिम बदल, पुन्हा जोड. दातांमधली ढील डायल गेजवर इंचाच्या सहा ते दहा हजारांश भागात बसवायची. घट्ट झाली तर गिअर तापून जळणार, सैल राहिली तर खडखडणार. जेवणाच्या ताटलीएवढ्या क्राउनवर दिवस गेला. शेवटी मिस्त्रीने बजावलं: पहिले काही मैल चालवून थंड होऊ दे, पाचशे मैल ओझं ओढू नकोस, मग तेल बदल.

एवढा खर्च करून बाहेरून काहीच दिसत नाही. एव्हाना लग्न झालं होतं. बायकोने बिल पाहिलं, ट्रकभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "अरे, पण काय बसवलंय?"

उत्तर तिला सिनॅमन पास या खिंडीच्या उतारावर मिळालं. १२,६०० फुटांवरून खाली येताना लो रेंज, पहिला गिअर, पाय ब्रेकपासून लांब, आणि ट्रक इंजिनाच्या धाकात पाऊल मोजत उतरत होता. तिने दाराची मूठ सोडली. आपल्याकडे गिअरचं कौतुक नेहमी चढावर होतं. खरं तर ते उताराला करायला हवं.

पुढे संसाराने ट्रकमध्ये आपले बदल केले. दिवाळीच्या कार्यक्रमाला साडी नेसून चढता येईना म्हणून पायऱ्या लागल्या. मग मागे बाळाची सीट. कराडहून आई आली, तिने उंची पाहिली आणि सांगितलं, "मी आपली चालत येते." ३३ झिजले तेव्हा त्याने पुन्हा ३१ घातले. ४.५६ तसाच राहू दिला. आता स्पीडोमीटर उलट्या बाजूने थापा मारू लागला, ५४ला ६० दाखवू लागला, म्हणून त्याच्या तारेत सिग्नल सुधारणारी एक डबी बसवावी लागली. लेक त्यावर गाडी शिकतेय आणि तिला हा ट्रक चपळ वाटतो.

हल्ली कराडचा पुतण्या थारचे फोटो पाठवतो. "काका, ३३ बसतील का?" बसतील, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. हे सगळं काकाने मुद्देसूद लिहून पाठवलं. पुतण्याचा पुढचा प्रश्न लगेच आला: घाटात दुसऱ्या गिअरला गाडी मरते, ते कशाने? काकाने त्याला आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचायला सांगितला. तो गड्याने आधीच बदललेला निघाला.