लॅपटॉपशेजारी पाटी

घरात लॅपटॉप असताना टॅब कशाला, हा प्रश्न विळी असताना सुरी कशाला या प्रश्नाच्या जातकुळीचा आहे. दोन्हींनी चिरता येते, हे विचारणाऱ्याचे म्हणणे खरेच असते. पण विळीवर नारळ खवता येतो आणि सुरीने ओट्याशी उभे राहून काम करता येते, हेही तितकेच खरे. तेव्हा दोन्हींनी काय होते यापेक्षा एकीने काय होत नाही, असे विचारले तर काही उत्तर सापडण्याची आशा असते.

गेले काही महिने आम्ही हा प्रश्न बाळगून आहोत. त्याला दोन निमित्ते आहेत. एक आमचे स्वतःचे. एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांमधील ग्रंथपरीक्षणांचा संग्रह संपादित करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे आणि त्याचे जवळजवळ सगळे साहित्य स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात लॅपटॉपमध्ये साठले आहे. दुसरे निमित्त आमच्या एका विद्यार्थिनीचे. तिने पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी केली आहे. महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवते आणि मानधन महिनोन्‌महिने थकून मग एकदम हाती पडते. ते या वेळी पडले तेव्हा तिने विचारले, “सर, लॅपटॉप आहे, आता टॅब घेऊ का?” स्वतःचे पैसे माणूस हौसेखातरही खर्च करतो. दुसऱ्याला सल्ला द्यायचा तर हिशेब मांडावा लागतो. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

या दोन यंत्रांचे मूळ एकच आहे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. अ‍ॅलन के या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या कल्पित यंत्राचे वर्णन करणारा निबंध लिहिला. वहीएवढे, सोबत बाळगता येईल असे, मुलांनी वाचावे आणि मुलांनीच त्यावर काही निर्माण करावे असे ते यंत्र. त्याच्या आराखड्यात पडदा आणि कळफलक एकाच फळीवर होते. पुढे लॅपटॉपने त्यातला कळफलक सांभाळला आणि टॅबने ती फळी सांभाळली. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी आयपॅड लोकांपुढे आणला, तेव्हा त्यांनी स्वतःच हा प्रश्न उपस्थित केला होता. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या यंत्राला जागा आहे का? त्यांचा निकष असा, की काही महत्त्वाची कामे त्या यंत्राने या दोहोंपेक्षा पुष्कळच चांगली केली पाहिजेत. नाहीतर त्याच्या असण्याला कारण नाही. आणि हे सांगून ते आरामखुर्चीत बसले व तिथूनच यंत्र चालवून दाखवू लागले. विक्रेत्याचा निकष म्हणून तो सोडून देण्याचे कारण नाही. आमच्यासारख्यांनी तो आपल्या कामाला लावून पाहावा.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाचे काम म्हणजे मुख्यतः स्कॅन केलेली पाने. इंग्रजीच्या अभ्यासकाला जुना ग्रंथ पुष्कळदा टंकित संहितेच्या रूपात मिळतो. अक्षर हवे तेवढे मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. आपल्या वाट्याला बहुधा पानाचे छायाचित्र येते. इंटरनेट अर्काइव्हवर किंवा राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर जे जुने ग्रंथ आहेत, ते प्रामुख्याने असेच आहेत. छायाचित्रातल्या ओळी जुळवून घेत नाहीत. पान जसे आहे तसेच पाहावे लागते. म्हणून पानाचा आकार आणि पडद्याचा आकार यांचे गणित आपल्याला टाळता येत नाही.

मराठी पुस्तकाचा नेहमीचा डेमी आकार घेऊ. साडेपाच इंच रुंद, साडेआठ इंच उंच. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण साडेतेरा इंच रुंद आणि साडेसात इंच उंच असतो. वरच्या-खालच्या पट्ट्या वजा जाता उंची साडेसहा इंचांच्या आसपास उरते. म्हणजे पूर्ण पान पाहायचे तर ते मूळ आकाराच्या सुमारे तीन चतुर्थांश होते आणि डावी-उजवीकडे पडदा रिकामा राहतो. रुंदी भरून पाहावे तर अक्षर छान मोठे होते, पण एका वेळी पानाचा लहानसा पट्टाच दिसतो. टॅबचा ११ इंची पडदा उभा धरला तर तो सव्वासहा इंच रुंद आणि जवळजवळ नऊ इंच उंच भरतो. डेमी पान त्यात मूळ आकारात मावते आणि थोडा समासही उरतो. सहा इंची ई-वाचकाचा विचार इथे करताच येत नाही. त्यात हेच पान निम्म्याहून थोडेच मोठे दिसते.

पान छोटे झाले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मराठीत बरेच बिघडते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचे छापील मराठी या टिंबांनी भरलेले आहे. ‘तें’, ‘केलें’, ‘घरांत’, ‘त्यानें’. संपादन करणाऱ्याला यातले प्रत्येक टिंब पाहावे लागते. ते छापले गेले होते, की कागदावरचा डाग आहे, की शाई उमटली नाही, हे ठरवावे लागते. शिवाय एखादा लेखक अनुस्वार देण्यात नियमित आहे की नाही, हे एका ओळीवरून कळत नाही; पूर्ण पानावरून नजर फिरवावी लागते. साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर पूर्ण पान आणले, तर मूळच्या एका इंचाला शंभराच्या थोडेसेच वर चित्रबिंदू मिळतात. चांगल्या टॅबवर त्याच इंचाला पावणेतीनशे मिळतात, आणि स्कॅन मुळात तीनशेच्या घनतेने केलेले असेल तर त्यातले जवळजवळ सगळे डोळ्यांपर्यंत पोहोचते. लॅपटॉपवर मोठे करून टिंब दिसते, नाही असे नाही. पण टिंब दिसते तेव्हा पान दिसत नाही.

या गणिताची प्रत्यक्षात परीक्षा व्हावी म्हणून आम्ही भाच्याचा टॅब लेखणीसह पंधरा दिवस मागून घेतला. वाचन सुरळीत झाले. समासात खुणा करणे, शंकास्थळी प्रश्नचिन्ह टाकणे, दोन परीक्षणांतले समान वाक्प्रयोग अधोरेखित करणे, ही कामे कागदावर होतात तशी झाली. एका मुद्रकाकडून आलेली मुद्रिते त्यावरच तपासली आणि काना-वेलांटीच्या दुरुस्त्या नेहमीच्या खुणांनी दाखवून परत पाठवली. हे काम लॅपटॉपवर उंदीर सरकवत करणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणे आहे. अर्धा किलोची वस्तू हातात घेऊन गॅलरीत बसता येते, हाही लाभ आहेच.

लेखन मात्र झाले नाही. काचेवरचा कळफलक अर्धा पडदा खातो आणि जोडाक्षरांची मराठी त्यावर दोन परिच्छेदांपुढे जात नाही. वेगळा कळफलक जोडता येतो, पण मग वजन आणि किंमत दोन्ही लॅपटॉपच्या दिशेने निघतात. याहून मोठी अडचण जुन्या टंकांची आहे. युनिकोड मराठीत रुळण्याआधी आपण सर्वांनी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत लेख लिहिले. आमचे वीस वर्षांचे टिपण त्यांतच आहे आणि आजही काही मुद्रक त्याच टंकांत मजकूर मागतात. ते टंक, त्यांचे कळफलक आणि पृष्ठमांडणीच्या आज्ञावल्या विंडोजसाठी तयार झाल्या. टॅबवर ती धारिका उघडली तर दिसतात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची कोडी. तेव्हा टॅब लॅपटॉपची जागा घेईल, हा विचार मराठीच्या अध्यापकाने मनातही आणू नये. प्रश्न आहे तो फक्त शेजारी ठेवण्याचा.

आता पैशांचे. चांगला टॅब, लेखणी आणि आवरण मिळून चाळीस हजारांच्या आसपास जातात. कमी प्रतीचा निम्म्यात मिळतो. तुलनेसाठी झेरॉक्सचा दर घेऊ. पानाला दोन रुपये धरले तर चाळीस हजारांत वीस हजार पाने होतात. म्हणजे तीनशे पानांची सासष्ट पुस्तके, बांधणीचा खर्च वेगळा. आपण येत्या चार-पाच वर्षांत स्कॅन केलेली सासष्ट पुस्तके समासात टिपा करत वाचणार आहोत का? उत्तर ‘हो’ असेल तर टॅब महाग नाही. ‘वीसेक वाचू’ असे असेल तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्त आहे, आणि त्याच्या कागदाची बॅटरी उतरत नाही.

तिसरा पर्यायही आहे आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. उभा फिरवता येणारा २४ इंची मॉनिटर दहा-बारा हजारांत मिळतो. तो उभा करून लॅपटॉपला जोडला, तर पूर्ण डेमी पान मूळच्या दुपटीने मोठे दिसते आणि एका इंचाला जवळजवळ दोनशे चित्रबिंदू पडतात. टॅबपेक्षा कमी, पण लॅपटॉपच्या जवळपास दुप्पट. शेजारी लॅपटॉपवर टंकन चालू ठेवता येते. तो हातात धरता येत नाही आणि त्यावर लेखणी चालत नाही, एवढेच त्याचे उणे. नक्कल उतरवणाऱ्याला हे उणे नाहीच.

एका गोष्टीचा हिशेब मात्र रुपयांत होत नाही. अध्यापकाचा लॅपटॉप आता त्याचे कार्यालय झाला आहे. गुणपत्रके, मूल्यांकनाचे तक्ते, परिपत्रकांना उत्तरे, सगळे त्याच पडद्यावर. तिथेच १८७४ सालच्या निबंधमालेचा अंक उघडावा, तर पाचव्या मिनिटाला कोपऱ्यात काहीतरी लुकलुकते आणि आपण विष्णुशास्त्र्यांना ताटकळत ठेवून एखादा तक्ता भरू लागतो. वाचनाला वेगळी बैठक असावी, ही आमची खरी गरज आहे. टॅब ती पुरवू शकतो, पण आपोआप पुरवत नाही. भाच्याच्या टॅबवर आम्ही पत्रपेटी उघडलीच नव्हती, म्हणून ते पंधरा दिवस शांततेचे गेले. स्वतःच्या टॅबवर ती पहिल्याच दिवशी उघडली, तर चाळीस हजारांत आपण दुसरे कार्यालय विकत घेतले असे होईल.

एवढे झाल्यावर आमचा निर्णय झाला. परीक्षणांच्या संग्रहासाठी आणखी निदान दीड-दोन हजार पाने वाचायची आहेत, त्यानंतर मुद्रिते तपासायची आहेत, आणि साठीच्या उंबरठ्यावरचे डोळे पाऊण आकाराच्या पानाला कंटाळले आहेत. नियतकालिकांचे हे काम संपले तरी त्याच काळातले ग्रंथ वाचायचे राहतातच. सासष्टाचा आकडा आम्हांला दूरचा वाटत नाही. आम्ही टॅब घेत आहोत. त्यावर पत्रपेटी असणार नाही.

विद्यार्थिनीला मात्र आम्ही ‘घेऊ नकोस’ असे सांगितले. तिला याचे आश्चर्य वाटले, आणि आपण घेणार व दुसऱ्याला नको म्हणणार, यात आश्चर्य वाटण्याजोगे आहेही. म्हणून कारण सांगितले. तिचा विषय आख्यानकाव्याच्या हस्तलिखित पोथ्यांचा आहे. पोथीचे पान आडवे: नऊ-दहा इंच लांब, चार-साडेचार इंच उंच. ते लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर मूळ आकारापेक्षाही मोठे दिसते. ११ इंची टॅबवर ते किंचित आक्रसते. शिवाय तिला पोथी वाचायची आहे त्याहून अधिक उतरवायची आहे. वरच्या भागात पोथीचे पान, खाली दोन-तीन ओळींची टंकनाची जागा, बाजूच्या खिडकीत शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थ: हे सगळे तिच्या हाताशी आजच आहे. जी वस्तू तिच्याजवळ नाही असे तिला वाटत होते, तिचे काम तिचा जुना लॅपटॉप करतो आहे.

मानधनातून काही घ्यायचेच असेल, तर पोथ्यांच्या छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक बाह्य हार्डडिस्क घे, आणि उरलेल्या पैशांत ज्या संग्रहातल्या पोथ्या अजून स्कॅन झालेल्या नाहीत तिथे प्रत्यक्ष जाऊन ये, असे आम्ही सुचवले. तिने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. पुढे कधी छापील नियतकालिकांकडे वळलीस तर पुन्हा विचार, असेही सांगून ठेवले आहे. तोपर्यंत आमचा टॅब जुना झालेला असेल, आणि लागला तर पंधरा दिवसांसाठी तिला देता येईल.