घासण्याआधी

जुनी शिसवी खुर्ची आली की मालकांची मागणी ठरलेली असते, 'घासून नवीकोरी करून द्या.' मी आधी खोलीत अंधार करतो आणि अतिनील दिवा लावतो. दिवसा सगळीकडे सारखंच तपकिरी दिसणारं रोगण त्या उजेडात वेगवेगळं होतं. लाख केशरी उजळते, झाडांच्या राळा हिरवट किंवा निळसर. कोरलेल्या पानांच्या खाचांत केशरी झाक आहे आणि हातांवर मात्र नाही, असं दिसलं की समजावं, हातांवरचं मूळ पॉलिश कुणीतरी खरवडून काढलंय.

पण मेण, मळ आणि वय दिव्यालाही चकवतात. म्हणून खाचेतून टाचणीच्या डोक्याहून लहान खपली काढून प्रयोगशाळेत पाठवायची. अवरक्त वर्णपटावरून लाख, राळ की तेल एवढा ढोबळ निवाडा होतो. मिश्रण असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीला पर्याय नाही. अल्युरिटिक आम्ल सापडलं की लाख नक्की, म्हणजे कुसुम-पळसाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेलं काम. डीहायड्रोअॅबिएटिक आम्ल दिसलं तर पाइनच्या कुळातल्या झाडाची राळ, तीही हवेत मुरून जुनी झालेली. नायट्रोसेल्युलोज निघालं, तर तो थर १९२०च्या दशकाच्या आधीचा नाही. घरातले काहीही सांगोत.

राळांच्या नावांवर तर मुळीच विसंबू नये. झांझिबारचा कोपल, म्हणजे रोगणातली एक राळ, १९व्या शतकात मुंबईमार्गे युरोपात जायचा आणि तिथे भारतीय माल म्हणून ओळखला जायचा. व्यापाऱ्याच्या वहीत बंदर सापडतं, झाड रेणूंतच शोधावं लागतं.

हा खटाटोप कशासाठी? लाख स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनमध्ये नाही. डामर (तीही झाडाची राळच) टर्पेंटाइनमध्ये सहज विरघळतो. मूळ लाखेवर नंतर कुणी डामर चढवला असेल, तर टर्पेंटाइनने अलगद वरचा थर तेवढा उतरवता येतो, खालच्या लाखेला धक्का न लावता. बोळा स्पिरिटचा घेतला, तर खालची लाखही जाते. कारागिराने मलमलीच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा हात फिरवून चढवलेलं ते पॉलिश लाकडाइतकंच त्या खुर्चीचं अंग आहे. मेलामाइनचा चकचकीत थर त्याची जागा घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या घरी आजोबांच्या वेळची खुर्ची असेल, तर पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी तपासणी करून घ्या. तेवढं जमणार नसेल, तर निदान मागच्या पायाची आतली बाजू न घासता तशीच ठेवायला सांगा, म्हणजे पुढे कधी तपासायला मूळ पॉलिश उरेल.