मुकुटाखालची दोन अक्षरं

आमच्या घरात एक दुनळी बंदूक आहे. लगेच दचकू नका, परवाना आहे, बाबांच्या नावावर. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, लोखंडी कपाटात, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. १९५१ साली मालगुजारी गेली, मग शेती वाटण्यांमध्ये गेली. उरली ती ही बंदूक आणि तिची गोष्ट.

गोष्ट अशी की १८९७ च्या दुष्काळात पणजोबांनी गावाला धान्याचं कोठार उघडून दिलं आणि खूश होऊन गोऱ्या साहेबानं स्वतःची लंडनची बंदूक त्यांना भेट दिली. ही गोष्ट मी शाळेत निबंधात लिहिली आहे, हॉस्टेलवर इम्प्रेशन मारायला वापरली आहे आणि (आता सांगायला हरकत नाही) बायकोला पहिल्या भेटीतही ऐकवली आहे.

बाबा आता शहात्तर वर्षांचे. परवाना माझ्या नावावर करायचा, बंदूक विकायची, की जमा करून मोकळं व्हायचं, यावर दिवाळीत चर्चा निघाली. चुलतभावानं कुठेतरी वाचलं होतं की आपल्या बंदुकीत 'पर्डी बोल्ट' आहे. म्हणजे पर्डी कंपनीची! म्हणजे लाखो रुपये! लाखो म्हटल्यावर काकांना अचानक आठवलं की वडिलोपार्जित वस्तूत आपलाही वाटा असतो. आवाज चढले. लक्ष्मीपूजनाचं जेवण सगळ्यांनी मुक्यानं उरकलं. शेवटी "हा कॉम्प्युटरवाला शोधून काढेल" असं म्हणून बग माझ्यावर असाइन झाला.

मग एका शनिवारी बाबांना घेऊन नागपूरला एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ, नाकावर चष्मा. आम्ही आधी त्यांना दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचं नाव दाखवलं: आर. बी. रोडा अँड कंपनी, कलकत्ता. ते हसले. "हे दुकानाचं नाव."

हे रोडा म्हणजे तेच, ज्यांची ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात भरदिवसा पळवली होती. अशा दुकानांत विलायतेहून तयार माल यायचा आणि वर नाव दुकानाचं कोरलेलं असायचं. आपल्याकडे नाही का, कोड लिहितो एक आणि लोगो असतो क्लायंटचा!

पर्डी बोल्टचाही निकाल दोन मिनिटांत लागला. नळ्या खालून घट्ट धरणाऱ्या खिटीचं ते पेटंट पर्डीचं खरं, पण १८६३ चं. मुदत संपल्यावर सगळ्यांनीच ती वापरली. आतली यंत्रणा अ‍ॅन्सन आणि डीली यांची, १८७५ ची. हे दोघं वेस्टली रिचर्ड्स कंपनीतले, पण तीही पुढे सर्रास सगळ्यांनी बनवली. थोडक्यात, ओपन सोर्स.

मग त्यांनी पुढचं लाकूड काढलं, नळ्या सुट्या केल्या आणि उलट्या धरल्या. तिथं बारीक शिक्के होते. ब्रिटनमध्ये बंदूक विकण्याआधी नळीत जास्तीची दारू भरून बार काढतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. लंडनचं परीक्षागृह वेगळं, बर्मिंगहॅमचं वेगळं, त्यामुळे शिक्केही वेगळे. आमच्या नळीवर मुकुटाखाली 'बीव्ही' होतं. बी म्हणजे बर्मिंगहॅम.

"आणि हा शिक्का १९०४ पासूनचा," ते म्हणाले. "त्याआधी आडवे राजदंड असायचे. १९२५ नंतर काडतुसाच्या घराची लांबीही ठोकायचे, ती यावर नाही. म्हणजे या दोन सालांच्या मधली."

मी मनात वजाबाकी केली. बाबांनीही केली असावी, कारण ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

"पण बनवली कोणी?" मी विचारलं.

त्यांनी भिंग दिलं. नळीच्या पोटाशी दोन अक्षरं: टी. एच. कुणातरी कारागिराची. बर्मिंगहॅमच्या बंदूक मोहल्ल्यात एकाच छताखाली अख्खी बंदूक क्वचितच व्हायची. नळ्या घासणारा एक, खटका बसवणारा दुसरा, दस्त्याचं लाकूड तासणारा तिसरा, नक्षी कोरणारा चौथा. वस्तू गल्लीगल्लीतून फिरत पूर्ण व्हायची. गिट ब्लेम मारावं आणि नुसती इनिशियल्स मिळावीत, तसं झालं. पण एवढ्या लोकांतून निदान एकानं आपली दोन अक्षरं ठोकून ठेवली होती, तीही कुणाला दिसणार नाहीत अशा जागी.

परतताना मौद्यापर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "साहेबानं मागाहून दिली असंल. धा-वीस वर्षांनी. आठवण ठेवून."

"असू शकतं, बाबा."

असू शकतं हे खरं. पण स्वतःची लंडनची बंदूक देणारा तो साहेब आता उरला नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. कुणीतरी, बहुधा पणजोबांनीच, कलकत्त्याच्या दुकानातून पैसे मोजून घेतली असणार.

थोड्या वेळानं म्हणाले, "मग धान्याचं काय?"

"धान्याचं बंदुकीवर काही लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणजे झालंच नाही, असंही नाही ना बे?"

"नाही."

खरं सांगू? त्या क्षणी मला ते शिक्के वाचल्याचा पश्चात्ताप झाला होता. साधी बर्मिंगहॅमची म्हटल्यावर काकांचा वाटा एका फोनमध्ये मिटला, हा फायदा. पण बाबांनी सत्तर वर्षं जपलेली गोष्ट मी एका शनिवारी दुपारी खोलून टेबलावर ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात परवान्याच्या बदलीचे कागद भरत होतो. जुन्या नोंदीत, कधीकाळी आजोबांनी सांगितलं म्हणून, 'बनावट: लंडन' असं होतं. मी ते तसंच उतरवत होतो. बाबा मागे उभे होते.

"खोटं काऊन लिहून राहिला? बर्मिंगहॅम लिही," ते म्हणाले. "आणि स्पेलिंग पाहून घे."

असो. माझी लेक सहा वर्षांची आहे, लवकरच विचारेल. तिला टी. एच. पासून सांगायला सुरुवात करणार आहे. दुष्काळाचंही सांगेन, पण 'आजोबा सांगायचे' असं म्हणून.