राजपुरीची खाडी आणि जंजिरा

वारज्याहून चांदणी चौक, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा अशी वाट धरली की दिघीला पोहोचता येते. तिथून फेरीबोट खाडी ओलांडून आगरदांड्याला जाते. गाडीही तिच्यावर चढते. जंजिरा पाहायला जाणाऱ्यांनी एकदा याच वाटेने जावे. किल्ला समजायचा, तर आधी राजपुरीची खाडी पाहिली पाहिजे.

खाडीच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत. पाणी आत मांदाडच्या बाजूला शिरते. आत आलेल्या गलबताला वाऱ्यापासून आडोसा मिळे आणि भरतीबरोबर माल पुढे नेता येई. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांतल्या जुन्या शिलालेखांत दान देणारे व्यापारी आहेत, तसे माळीही आहेत. म्हणजे इथली वर्दळ किल्ल्याच्या कितीतरी आधीची.

खाडीच्या तोंडाशी खडकाळ बेट आहे. अरबीत बेटाला ‘जज़ीरा’ म्हणतात, त्याचाच जंजिरा झाला. इथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, असे सांगतात. निजामशाहीच्या काळात बेट सिद्दींकडे आले. सिद्दी म्हणजे हबशी, पूर्व आफ्रिकेतून आलेले लोक. त्यांच्यातले कितीतरी गुलाम म्हणून विकले जाऊन हिंदुस्थानात आले होते. त्याच समाजातून दर्यावर्दी, किल्लेदार आणि पुढे नवाब झाले. मुलांना हे आवर्जून सांगावे.

वर्गात हमखास एक प्रश्न येतो: “सर, मराठे आणि सिद्दी लढले, मग आपण कोणाच्या बाजूचे?” उत्तर या पाण्यातच आहे. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर मोहिमा काढल्या, समोर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून बेटापर्यंत पोहोचायचा प्रयत्न केला. त्याच मराठा आरमारात दौलतखानासारखा मुसलमान सरदार होता. सिद्दी मोगलांच्या बाजूने लढत होते. भांडण बंदराचे, जकातीचे आणि समुद्रावरच्या सत्तेचे होते. दीनाचे असते, तर दौलतखान पलीकडच्या तटावर दिसला असता. दोन्ही किल्ले आपल्याच कोकणचे. मुलांना दोन्ही दाखवावेत.

राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जातात. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा नजरेस पडत नाही. आत ‘कलाल बांगडी’ ही प्रचंड तोफ आहे आणि चहूबाजूंना खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर जावे.

परतताना खोकरीचे घुमट चुकवू नयेत. तिथे सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले, नवाबी संपली. आता घुमटांभोवती फारशी गर्दी नसते. तिथे दोन मिनिटे थांबून फातिहा पढावा आणि कोणी, कुठून, कसे इथवर आले, ते मुलांना सांगावे.